क्वीअर युवा केंद्रात पहिल्यांदा जायचंय? आधी हे वाचा

पहिल्या दिवशी मी त्या दारावरून तीनदा पुढे निघून गेले. चौथ्यांदा वळले तेव्हा आतून बाहेर येणाऱ्या एका मुलाने दार धरून ठेवलं आणि विचारलं, "वर यायचंय का?" मी म्हणाले, "नाही, पत्ता चुकला," आणि सरळ घर गाठलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. टेबलापाशी नेमका तोच मुलगा बसला होता. त्याने मला ओळखलं, हे त्याच्या डोळ्यांत दिसलं, पण तसं काही दाखवलं नाही. "नमस्कार, पहिल्यांदाच आलात?" एवढंच विचारलं.

आता आठवड्यातली एक संध्याकाळ त्या टेबलामागे मी बसते. दार अर्धवट उघडून डोकावणारे, फोनवर बोलण्याचं नाटक करत जिन्यात थांबणारे, मैत्रिणीला पुढे ढकलणारे असे सगळे बघून झालेत. त्यांना जे पुन्हा पुन्हा सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

क्वीअर युवा केंद्र म्हणजे समलिंगी, उभयलैंगिक (मुलगे आणि मुली दोघांविषयी आकर्षण वाटणारे), ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आपलं न वाटणारे), अलैंगिक (लैंगिक आकर्षण न वाटणारे) आणि "माझं अजून ठरलेलं नाही" अशा तरुण मुलामुलींसाठी असलेली जागा. बहुतेक ठिकाणी एक मोठी खोली, जुने सोफे, पुस्तकांचं कपाट, पत्ते-बुद्धिबळ आणि दार लावून बोलता येईल अशी एखादी छोटी खोली असते. हा दवाखाना नाही आणि जोडीदार शोधण्याचं ठिकाणही नाही. कल्पना फारशी नवीनही नाही. लंडनमध्ये समलिंगी किशोरवयीनांचा गट १९७६ साली सुरू झाला, न्यूयॉर्कमधली हेट्रिक-मार्टिन इन्स्टिट्यूट १९७९ सालची, आणि जर्मनीत कलोनचं 'एनीवे' हे केंद्र १९९८ पासून चालू आहे.

१. केंद्र खरं आहे का, ते आधी बघा

यात आळस करू नका. खऱ्या केंद्राला संस्थेचं नाव असतं, ठरलेल्या वेळा असतात, एकापेक्षा जास्त कार्यकर्ते असतात आणि वागण्याचे नियम लिहिलेले असतात. फोन केलात किंवा मेल पाठवलात तर उत्तर संस्थेच्या नावाने येतं.

पत्ता जाहीर नसेल तर मात्र लगेच संशय घेऊ नका. बरीच केंद्रं मुलांच्या सुरक्षिततेसाठी पत्ता फोनवर किंवा मेलवरच सांगतात आणि दारावर पाटीही लावत नाहीत. संशय घ्यायचा तो वेगळ्या गोष्टींवर. संपर्काला एकाच माणसाचा खासगी नंबर आहे. "आमचा गट माझ्या फ्लॅटवर भेटतो" असं सांगितलं जातंय. येण्याआधी फोटो मागितलाय, पैसे मागितलेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, "इथे येतोयस ते कुणालाही सांगू नकोस" अशी ताकीद दिली जाते. केंद्र तुमचं गुपित सांभाळतं. स्वतःचं गुपित तुमच्याकडून सांभाळून घेणारी जागा दिसली की तिथून निघा.

आणखी एक सापळा. समुपदेशनाच्या नावाखाली "यातून बाहेर काढू", "नॉर्मल करू" असं सांगणारे लोक असतात. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळलं ते १९९० साली. तो १७ मेचा दिवस होता आणि म्हणूनच तो समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या द्वेषाविरुद्धचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. जो आजारच नाही त्यावर उपचार देणाऱ्याकडे पाऊल टाकू नका, त्याची खोली कितीही इंद्रधनुषी रंगवलेली असो.

२. कोणत्या दिवशी जायचं ते निवडा

केंद्रात साधारण चार प्रकारच्या वेळा असतात: खुली वेळ, म्हणजे कुणीही यावं, बसावं, जावं; ठरावीक गट, उदाहरणार्थ ट्रान्स मुलांचा किंवा फक्त मुलींचा; आधी वेळ घेऊन होणारं समुपदेशन; आणि चित्रपट, चित्रकला, खेळ असे कार्यक्रम.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा कार्यक्रमाच्या दिवशी जा. गोल करून बसायचं आणि एकेकाने मनातलं बोलायचं, असा गट पुढे खूप कामी येतो, पण पहिल्याच दिवशी तिथे आपली पाळी जवळ येताना पोटात गोळा उठतो. रंग, कात्री, पत्ते असं हातात काहीतरी असलं की गप्प बसलेलं माणूस विचित्र दिसत नाही. मी पहिले दोन तास एक जुनं जिगसॉ कोडं लावत बसले होते. आकाशाचे तुकडे, सगळे निळे. शेजारी बसलेल्या मुलीशी माझं जे काही बोलणं झालं ते त्या तुकड्यांबद्दलच झालं, आणि तेवढं पुरलं.

गर्दीची धास्ती वाटत असेल तर उघडायच्या वेळेलाच पोचा. भरलेल्या खोलीत शिरणं अवघड जातं. रिकाम्या खोलीत आधी बसलात की बाकीचे तुमच्या खोलीत शिरतात.

३. वयाची अट विचारून घ्या

प्रत्येक केंद्राची वयोमर्यादा वेगळी असते. वर सांगितलेल्यांपैकी न्यूयॉर्कची संस्था १३ ते २४ वयासाठी आहे, कलोनचं केंद्र १४ ते २७ साठी. वरची मर्यादा का, असं बरेच जण चिडून विचारतात. कारण सोपं आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला जिथे निर्धास्त बसता यावं, तिथे पस्तिशीच्या माणसांची ये-जा नको. तुमचं वय मर्यादेपलीकडे गेलं असेल तर खोटं सांगू नका. मोठ्यांचे गट कुठे आहेत ते केंद्रातलीच माणसं सांगतील.

तुम्ही अठराच्या आतले असाल तर निघण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: पालकांची परवानगी लागते का? कायदा आणि नियम जागोजागी वेगळे आहेत. फोनवर नाव न सांगताही हे विचारता येतं.

४. फोनचा बंदोबस्त करा

घरी माहीत नसेल तर ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. लोकांना शेजारीपाजारी बघतील याची भीती वाटते, पण बहुतेकांची बातमी फुटते ती खिशातल्या यंत्रामुळे.

घरच्यांसोबत लोकेशन शेअर होतं का, ते बघा. मात्र ऐन वेळी ते बंद केलंत तर तेच प्रश्नाचं कारण होतं. म्हणून जवळच्या एखाद्या साध्या ठिकाणी, वाचनालय किंवा बागेत जायचं खरंखुरं कारण जोडून ठेवा. लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करा. फोनमधले फोटो घरातल्या सामाईक खात्यावर आपोआप चढतात का, हे तपासा. टॅक्सीचं अॅप वडिलांच्या खात्याला जोडलेलं असेल तर पावती त्यांच्या मेलवर जाईल. कॅलेंडर सामाईक असेल तर त्यात काही लिहू नका. केंद्राच्या वाय-फायला संस्थेचं नाव असेल तर जोडणी नंतर फोनमधून पुसून टाका.

माझी चूक सांगते. फॉर्मवर 'तातडीचा संपर्क' या रकान्यात मी सवयीने आईचा नंबर लिहिला. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर तोच लिहीत आले होते, हात आपोआप चालला. दोन आठवड्यांनी केंद्राकडून आठवणीचा मेसेज गेला, आणि माझ्याऐवजी त्याच नंबरवर गेला. "शनिवारी गट आहे, नक्की या." आईचा फोन तेव्हा भावाच्या हातात होता. मेसेजमध्ये संस्थेचं नुसतं नाव होतं, त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं म्हणून वाचले. वाचनाचा गट आहे, असं मी सांगितलं. अगदीच खोटं नव्हतं, पुस्तकांचं कपाट होतंच की तिथे. पण ती रात्र मी जागून काढली. केंद्राने नंतर माफी मागितली आणि दोन्ही नंबर वेगळे ठेवायला सुरुवात केली. अर्धी चूक माझीही होती.

५. सोबत काय न्यायचं

पहिल्या भेटीला सहसा कागदपत्रं लागत नाहीत. तरी ही यादी जवळ असू द्या:

– वयाचा पुरावा, पण फोनवर आधी विचारूनच. काही ठिकाणी फक्त बघतात, प्रत ठेवत नाहीत
– एका विश्वासू माणसाचा नंबर, ज्याला तुमच्याबद्दल माहीत आहे. असं कुणीच नसेल तर तसं स्पष्ट सांगा
– परतीच्या प्रवासाचे पैसे, वेगळे काढून ठेवलेले
– पूर्ण चार्ज केलेला फोन
– नेहमीची औषधं, लागत असतील तर

मित्र किंवा मैत्रीण सोबत आणली तर चालते, पण ठरावीक गटात बाहेरच्यांना बसू देत नाहीत. व्हीलचेअर असेल, जिने चढवत नसतील, मोठा आवाज सोसत नसेल तर आधी कळवा. बरीच केंद्रं स्वस्तातल्या जुन्या इमारतींत असतात आणि लिफ्ट असेलच असं नाही. कपडे? रोजचे. बाहेर घालता येत नाहीत असे कपडे घालून बघायचे असतील तर पिशवीत घेऊन या. आमच्याकडे कपडे बदलायला खोली आहे, बऱ्याच ठिकाणी असते.

६. दार

दार बंद दिसलं म्हणजे केंद्र बंद, असं समजू नका. सुरक्षिततेसाठी बहुतेक ठिकाणी बेल वाजवावी लागते आणि आतून कुणी आवाज देतं. तेव्हा काय म्हणायचं, या प्रश्नावर मी घरी आरशासमोर सराव केला होता. "पहिल्यांदाच आलेय," एवढं बास होतं. का आलात, कोण आहात, याचं उत्तर दारात द्यावं लागत नाही.

परत फिरावंसं वाटलं तर फिरा. आत येऊन पाच मिनिटांत निघालात तरी कुणी काही म्हणणार नाही.

७. फॉर्म, आणि त्याआधीचे दोन प्रश्न

टेबलावर नोंदीचा कागद असतो. त्यावर बहुधा हाक मारायचं नाव, वय, संपर्क आणि सर्वनाम, म्हणजे तुमच्याबद्दल बोलताना 'तो' म्हणायचं, 'ती' की आणखी काही, हे विचारलेलं असतं. हाक मारायचं नाव म्हणजे ओळखपत्रावरचं नाव नव्हे. जे ऐकायला आवडेल ते लिहा. पुढच्या वेळी बदललंत तरी चालेल. एक जण आमच्याकडे तीन महिन्यांत चार नावं वापरून मग पाचव्यावर स्थिरावला.

पेन उचलण्याआधी हे दोन प्रश्न विचारा. एक: "हा कागद कोण बघतं?" दोन: "माझ्याबद्दल घरी किंवा आणखी कुणाला कळवायची वेळ कधी येते?"

दुसऱ्याचं उत्तर लक्ष देऊन ऐका. चांगलं केंद्र "कधीच नाही" असं सांगत नाही. तुमच्या जिवाला धोका असेल, किंवा अल्पवयीन मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं, तर कार्यकर्त्यांना गप्प बसता येत नाही. ही हद्द आधीच समजली की कुठवर बोलायचं ते तुम्हाला ठरवता येतं. "सगळं सांग, कुठेही जाणार नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा हद्द सांगणारा माणूस जास्त भरवशाचा.

एखादा रकाना भरायचा नसेल तर "हा रिकामा ठेवते" म्हणा. आणि तातडीचा संपर्क लिहिताना माझी आठवण ठेवा.

८. नाव, सर्वनाम आणि आपली मराठी

इंग्रजीत सर्वनाम विचारतात ते दुसऱ्याबद्दल बोलण्यासाठी. मराठीत मात्र स्वतःबद्दल बोलतानाही पंचाईत होते. "मी आलो" म्हणायचं की "मी आले"? तोंड उघडलं की लिंग जाहीर. पहिल्या दिवशी कित्येक मुलं गप्प असतात ती लाजेने नव्हे, तर या क्रियापदापाशी अडून.

यातून वाटा आहेत आणि त्या मी आमच्याच मुलांकडून शिकले. भविष्यकाळ बिनलिंगी असतो: "मी येईन", "मी बसेन". भूतकाळात कर्म असलेलं वाक्य घेतलं तर क्रियापद कर्माच्या मागे जातं: "मी पुस्तक वाचलं", "मी फॉर्म भरला". "मला आवडतं", "मला जायचंय" यांतही काही उघड होत नाही. कुणी सरळ "आम्ही आलो" म्हणतं, आणि ते राजेशाही वाटत असलं तरी कुणी हसत नाही. समोरच्याबद्दल खात्री नसेल तर "तुम्ही" वापरा. "तू आलास" की "तू आलीस" हा पेच "तुम्ही आलात"ने सुटतो. म्हणूनच तर तो टेबलावरचा मुलगा मला अहो-जाहो करत होता. मला तेव्हा वाटलं, मी वयस्कर दिसते की काय.

'दादा', 'ताई' लावण्याआधीही थांबा. आपण आदराने म्हणतो, पण ज्याला ताई म्हणवून घ्यायचं नाही त्याला ते टोचतं. नाव विचारा, नावाने हाक मारा. चुकलात तर "सॉरी, आलास" म्हणून पुढे चला. चुकीबद्दल पाच मिनिटं दिलगिरी व्यक्त करत बसलात तर समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

९. खोलीत बसल्यावर

भिंतीवर झेंडे दिसतील. सहा पट्ट्यांचा इंद्रधनुषी झेंडा ओळखीचा असतो. गिल्बर्ट बेकर यांनी तो १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत केला तेव्हा त्याला आठ पट्टे होते. निळा-गुलाबी-पांढरा झेंडा ट्रान्स लोकांचा, मोनिका हेल्म्स यांनी १९९९ साली केलेला. बाकीचे ओळखले नाहीत तर काही बिघडत नाही, परीक्षा नाही. मला स्वतःला अजून दोन झेंडे नीट वेगळे सांगता येत नाहीत.

"तू कोण आहेस?" असं कुणी विचारलं तर "माहीत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. "सांगायचं नाही" हेही.

फोटो काढू नका, सेल्फीसुद्धा नाही. तुमच्यामागे सोफ्यावर बसलेल्या मुलाच्या घरी माहीत नसेल. कोण आलं होतं हे बाहेर सांगू नका. आणि वर्गातलं किंवा शेजारचं कुणी ओळखीचं भेटलं तर? घाबरायला होतं, पण तेही त्याच खोलीत आहे, तुमच्याइतकंच घाबरलेलं. बाहेर भेटल्यावर ओळख दाखवायची की नाही, एवढं तिथेच ठरवून घ्या.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण नवे लोक याच जागी फसतात. इतकी वर्षं एकट्याने काढल्यावर कुणी आपल्यासारखं भेटतं आणि वाटतं, हाच तो, हीच ती. पहिल्याच संध्याकाळी घरचा पत्ता, सगळे पासवर्ड आणि आयुष्याची कहाणी देऊन मोकळे झालेले लोक मी पाहिलेत. आपल्यासारखं असणं वेगळं आणि भरवशाचं असणं वेगळं. कुणी मोठ्या वयाच्या व्यक्तीने, मग ती कार्यकर्ती का असेना, एकट्याने बाहेर भेटायला बोलावलं तर नाही म्हणा आणि टेबलावर सांगा. चुगली होईल असं वाटून गप्प बसू नका.

सोफ्यावरची जुनी मंडळी आपापसांत विनोद करत असतील आणि तुम्हाला परकं वाटेल. केंद्रातही टोळकी असतात. वेगळ्या वारी वेगळी माणसं असतात, तेव्हा एका संध्याकाळीवरून निकाल लावू नका. दोनदा वेगवेगळ्या दिवशी जाऊन बघा, मग नाही आवडलं तर नाही.

१०. निघताना

शेवटची गाडी, घरी पोचायची वेळ हे बघून आधीच उठा. उशीर झाला की घरी उत्तरं द्यावी लागतात आणि घाईतली उत्तरं धड जमत नाहीत. केंद्रातून मिळालेली पत्रकं घरी नेणं धोक्याचं असेल तर तिथेच वाचा आणि हवे ते नंबर साध्या नावाने सेव्ह करा.

त्या रात्री फार हलकं वाटतं. इतकं, की घरी जाऊन सगळं सांगून टाकावंसं वाटतं. थांबा. घरी सांगायचं की नाही, कधी, कुणाला आधी, हा वेगळा विषय आहे. सांगितल्यावर बाहेर काढलं तर राहायचं कुठे, फी कोण भरणार, हे त्यात येतं. त्यासाठी केंद्रातल्या माणसांसोबत बसा, एकदा नाही, चार वेळा. मी दोन वर्षांनी सांगितलं. काही जणांनी कधीच सांगितलेलं नाही आणि ते नियमित येतात.

काही जणांना उलट होतं. घरी पोचल्यावर रडू येतं किंवा एकदम रिकामं वाटतं. हेही नेहमीचं आहे. फार जड वाटलं तर केंद्राच्या किंवा एखाद्या हेल्पलाइनच्या नंबरवर त्याच रात्री बोला, पुढच्या शनिवारची वाट बघू नका.

आणि हो, दारातून बाहेर पडण्याआधी छातीवर हात फिरवा. नावाचा स्टिकर तिथेच असतो. तो काढून टेबलावरच्या डब्यात टाका. पहिल्यांदा मी तो तसाच लावून स्टेशनपर्यंत गेले होते, हिरव्या स्केचपेनने लिहिलेलं माझं नवं नाव मिरवत. फलाटावरच्या आरशात दिसला तेव्हा काढला आणि वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवला.